मायकेल हॉवर्ड: पलटणीतला कॅप्टन ते ऑक्सफर्डचा प्रोफेसर

शिलेदार

मागे दुसऱ्या एका धाग्यावर एक मत वाचलं होतं की लढायांचा इतिहास हा युनिव्हर्सिटीचा विषयच नाही, तो लष्करी अकॅडमीत शिकवावा, युनिव्हर्सिटीत समाज, अर्थकारण, राजकारण शिकवावं. तिथे अवांतर नको म्हणून काही लिहिलं नाही, पण विषय डोक्यातून जाईना. कारण नेमकं हेच मत खोडून काढण्यात एका माणसाचं अख्खं करिअर गेलंय. ब्रिटनचे लष्करी इतिहासकार सर मायकेल हॉवर्ड. आपल्याकडे यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं म्हणून हा धागा.

जन्म लंडनचा, २९ नोव्हेंबर १९२२. आई जर्मन ज्यू घराण्यातली. शाळा वेलिंग्टन कॉलेज, म्हणजे लष्करी परंपरेची शाळा, तिथून ऑक्सफर्डला क्राइस्ट चर्च कॉलेजात इतिहास. पण तोवर दुसरं महायुद्ध सुरू झालेलं, शिक्षण अर्धवट ठेवून हे कोल्डस्ट्रीम गार्ड्स या पलटणीत अधिकारी झाले. सप्टेंबर १९४३ मध्ये दोस्तांचं सैन्य इटलीत सालेर्नोला उतरलं तेव्हा हे विशीत होते, एका टेकडीवरच्या हल्ल्यात आपल्या प्लॅटूनचं नेतृत्व केलं आणि त्यासाठी मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळालं. इटलीतच दोनदा जखमी झाले. युद्ध संपलं, ऑक्सफर्डला परत जाऊन डिग्री पूर्ण केली आणि १९४७ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजात असिस्टंट लेक्चरर म्हणून लागले. इतिहासाचे लेक्चरर, युद्धाचे नव्हे, हे लक्षात घ्या.

पहिलं पुस्तक आपल्याच पलटणीचा १९२० ते १९४६ चा इतिहास, जॉन स्पॅरो यांच्यासोबत लिहिलेला, १९५१ मध्ये आला. मग १९५३ मध्ये किंग्जमध्येच लष्करी अभ्यासाची लेक्चररशिप मिळाली. हा विषय तिथे अगदीच नवा नव्हता, १९२७ पासून मेजर जनरल फ्रेडरिक मॉरिस तिथे मिलिटरी स्टडीजचे प्रोफेसर होते (हे तेच मॉरिस ज्यांनी १९१८ साली पेपरात पत्र लिहून पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी सैन्यबळाच्या आकड्यांबाबत पार्लमेंटची दिशाभूल केली असा जाहीर आरोप केला होता). पण तोपर्यंत सगळीकडे साधारण चित्र असंच होतं की युद्धावर बोलायचं तर निवृत्त अधिकाऱ्याने नाहीतर पत्रकाराने. ऑक्सफर्डला १९०९ मध्ये लष्करी इतिहासाची चिचेली प्रोफेसरशिप सुरू झाली त्यावर पहिले आले ते स्पेन्सर विल्किन्सन, पेशाने पत्रकार, आणि त्यांच्यानंतर अर्नेस्ट स्विंटन, ज्यांचं नाव रणगाड्याच्या जन्माशी जोडलेलं आहे ते, म्हणजे लष्करी अधिकारी. माणसं दोन्ही मोठी, पण इतिहासाच्या डिपार्टमेंटमधले बाकीचे लोक या विषयाकडे पाहुण्यासारखंच बघायचे.

हॉवर्डनी यात जो बदल केला तो मला वाटतं एका पुस्तकाने नीट कळतो. १९६१ चं फ्रान्स आणि प्रशिया (तेव्हाचं सगळ्यात बलाढ्य जर्मन राज्य) यांच्या युद्धावरचं पुस्तक, ज्याला डफ कूपर पारितोषिक मिळालं. १८७० मध्ये फ्रेंचांची शासपो रायफल प्रशियाच्या ड्रायझं बंदुकीपेक्षा खूपच लांब मारा करायची. १८ ऑगस्टला सँ-प्रिव्हाच्या उघड्या उतारावर प्रशियाच्या गार्ड कोअरची सुमारे ८००० माणसं पडली ती याच रायफलपुढे. तरी दोन आठवड्यांत सेदानला सम्राट तिसरा नेपोलियन स्वतः शरण येतो. का? प्रशियाच्या क्रुपच्या पोलादी तोफा मागून भरायच्या होत्या आणि फ्रेंच तोफा कांशाच्या, तोंडातून भरायच्या, हे एक कारण झालं. पण हॉवर्ड तिथे थांबत नाहीत. ते विचारतात, राखीव सैनिक कुठून बोलावले, कुठे जमवले, रेल्वेचं वेळापत्रक कोणी बनवलं होतं, जनरल स्टाफमध्ये, म्हणजे युद्धाच्या योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गटात, माणसं कशी निवडायचे, शाळा कशा होत्या, सक्तीच्या लष्करी सेवेला फ्रान्समधल्या मध्यमवर्गाने विरोध का केला. फ्रान्समध्ये राखीव शिपाई आधी आपल्या डेपोला जायचा आणि तिथून देशाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या रेजिमेंटला शोधत फिरायचा, कारण सैन्य उभं करणं आणि ते सरहद्दीवर नेणं ही दोन्ही कामं एकाच वेळी काढली होती. म्हणजे रणांगणावरच्या पराभवाची कारणं शोधता शोधता तुम्ही फ्रान्सच्या अख्ख्या समाजाचा इतिहास वाचता. आणि तरी लढाया कुठे पुसट होत नाहीत, एकेक गाव, एकेक ओढा दिसतो.

पुढचं करिअर थोडक्यात: १९६३ मध्ये किंग्जला वॉर स्टडीजचे प्रोफेसर, १९६८ मध्ये ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचे फेलो, १९७७ मध्ये वर सांगितलेली चिचेली प्रोफेसरशिप, १९८० मध्ये रीजियस प्रोफेसर ऑफ मॉडर्न हिस्टरी, १९८९ ते १९९३ अमेरिकेत येल युनिव्हर्सिटीत, १९८६ मध्ये सर, २००५ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट. ३० नोव्हेंबर २०१९ ला गेले, ९७ वा वाढदिवस होऊन एकच दिवस झाला होता.

यातलं रीजियस प्रोफेसर हे पद मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. १७२४ मध्ये राजा पहिला जॉर्ज याने स्थापन केलेली ही खुर्ची, फक्त युद्धाची नाही तर अख्ख्या आधुनिक इतिहासाची. ज्या विषयाला तीस वर्षांपूर्वी दारात उभं करत नव्हते त्या विषयाचा माणूस तिथे बसला. आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी 'कॅप्टन प्रोफेसर' नाव दिलं ते उगाच नाही.

चर्चा व्हावी. विरोधी मतंही येऊ देत.

ऋजुता_के

खूप छान धागा शिलेदार दादा. मी इतिहासात एमए करतेय आणि आमच्याकडे लढाई म्हणजे तारीख, कोण जिंकलं, तह काय झाला, संपलं. एक विचारायचंय, १९५३ ला लेक्चरर आणि १९६३ ला प्रोफेसर, मधल्या दहा वर्षांत नक्की केलं काय? कारण एकटा माणूस पुस्तक लिहू शकतो पण विषय उभा करायला विद्यार्थी लागतात, पैसा लागतो, कागदपत्रं लागतात.

नाना_बखरकर

उत्तम लेख. फक्त एक भर घालतो, कारण हॉवर्डच्या आधी हीच लढाई एका जर्मन माणसाने लढली होती आणि त्याला त्याची किंमत मोजावी लागली. हान्स डेलब्रुक, जन्म १८४८. १८७० च्या त्याच युद्धात सैनिक म्हणून होता, नंतर प्रशियाच्या युवराजाच्या घरी राजपुत्र वाल्डेमारचा शिक्षक होता, १८८१ मध्ये बर्लिन युनिव्हर्सिटीत शिकवायची परवानगी मिळाली. पण पूर्ण प्रोफेसर व्हायला १८९६ उजाडलं! कारण युनिव्हर्सिटीतल्या इतिहासकारांना युद्ध हा विषय हलका वाटायचा आणि जनरल स्टाफच्या इतिहास विभागाला वाटायचं की या सिव्हिलियन प्रोफेसरने आमच्या विषयात तोंड घालू नये. दोन्हीकडून मार.

त्याची पद्धत मात्र बघण्यासारखी आहे. जुन्या ग्रंथात अमुक लाख सैन्य लिहिलंय ना, मग ते सैन्य रस्त्यावर उभं करून बघा. किती लांब रांग होईल, एका दिवसात किती चालेल, खाईल काय, पाणी कुठलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटस म्हणतो की ग्रीसवर चालून आलेला इराणचा सम्राट झर्क्सीस याच्याबरोबर नोकरचाकर धरून पन्नास लाखांच्या वर माणसं होती. डेलब्रुकने जर्मन सैन्याच्या कूच करण्याच्या नियमांवरून हिशोब मांडला, एक कोअर म्हणजे ३०,००० माणसं रस्त्यावर किती जागा घेतात ते माहीत होतं, आणि दाखवून दिलं की अशा सैन्याचं तोंड ग्रीसमधल्या थर्मोपिलीच्या खिंडीला पोचलं असतं तेव्हा शेपूट तिग्रिस नदीच्या पलीकडे सुसा हे इराणी शहर सोडत असतं. विषय खलास. आपल्याकडच्या बखरीतले आकडे वाचतानाही मी हाच हिशोब मनात करतो.

आणि अठराव्या शतकातला प्रशियाचा राजा फ्रेडरिक द ग्रेट याच्याबद्दल डेलब्रुकने म्हटलं की हा राजा शत्रूचा एका घावात निकाल लावणारा नव्हता, दमवून, डावपेचाने, जमेल तेव्हाच लढाई देऊन टिकून राहणारा होता. यावर जनरल स्टाफचे लोक इतके भडकले की वाद वर्षानुवर्षं चालला, कारण त्यांना आपल्या स्वतःच्या झटपट विजयाच्या योजनेला फ्रेडरिकचा आशीर्वाद हवा होता. १९१४ मध्ये झटपट विजयाचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. इतिहासकाराचं ऐकलं नाही की काय होतं याचं याहून ठळक उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

शिलेदार

नाना, क्या बात है, डेलब्रुकवर तुम्ही स्वतंत्र धागा काढाच.

ऋजुता, प्रश्न एकदम मुद्द्याचा आहे. त्या दहा वर्षांत तीन गोष्टी झाल्या असं मी म्हणेन.

एक म्हणजे माणसं. प्रशियाच्या सैन्यावरचा आणि क्लाऊझेवित्झवरचा (युद्धाचा सिद्धांत मांडणारा प्रशियाचा अधिकारी) मोठा अभ्यासक पीटर पॅरेट, याची लंडनची पीएचडी १९६० ची, गाइड हॉवर्ड. पुढे याच दोघांनी मिळून क्लाऊझेवित्झच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं, १९७६ मध्ये प्रिन्स्टनने छापलं, आणि आज जगभरच्या स्टाफ कॉलेजात बहुतेक तेच वाचलं जातं. ब्रायन बॉन्ड हे किंग्जच्या डिपार्टमेंटमधले सुरुवातीचे विद्यार्थी आणि पुढे तिथलेच प्रोफेसर. नंतर ऑक्सफर्डला लॉरेन्स फ्रीडमनचे गाइडही हॉवर्डच, आणि फ्रीडमननी १९८२ पासून किंग्जचं हेच डिपार्टमेंट सांभाळलं आणि खूप वाढवलं. म्हणजे गुरूने सुरू केलेलं घर चेल्याने मोठं केलं.

दुसरं म्हणजे युनिव्हर्सिटीच्या बाहेरची संस्था. १९५८ मध्ये लंडनला इन्स्टिट्यूट फॉर स्ट्रॅटेजिक स्टडीज निघाली, संस्थापकांमध्ये हॉवर्ड होते, पुढे संरक्षणमंत्री झालेले डेनिस हीली होते, पहिले डायरेक्टर अ‍ॅलस्टेअर बकन, आणि पैसा अमेरिकेच्या फोर्ड फाउंडेशनचा. अणुबॉम्बचा काळ होता, सरकारबाहेर कोणीतरी आकड्यांनिशी, डोकं शांत ठेवून यावर बोलायला हवं होतं. आज आपण बातम्यांत आयआयएसएसचा (नावात पुढे 'इंटरनॅशनल' जोडलं गेलं) मिलिटरी बॅलन्स, म्हणजे देशोदेशीच्या सैन्यबळाचा वार्षिक आढावा, म्हणून जो हवाला ऐकतो ती हीच संस्था.

तिसरं म्हणजे कागद. इथे बेसिल लिडेल हार्ट हे नाव घ्यावंच लागेल. पहिल्या महायुद्धात सॉमवर गॅसने जखमी झालेला कॅप्टन, केंब्रिजची डिग्री युद्धामुळे अर्धवट राहिलेली, पेपरचा लष्करी प्रतिनिधी, आणि तरी त्याचं घर म्हणजे तरुण अभ्यासकांसाठी जवळजवळ युनिव्हर्सिटीच होतं. आपली लायब्ररी, आपली कागदपत्रं तो सगळ्यांना उघडी ठेवायचा आणि तरुणांच्या लिखाणावर पानं पानं शेरे लिहून पाठवायचा. हॉवर्ड त्याला गुरू मानायचे पण त्याच्या सिद्धांतांवर टीका करायला कचरले नाहीत, हे मला फार आवडतं. किंग्जमध्ये १९६४ मध्ये लष्करी कागदपत्रांचं जे अर्काइव्ह सुरू झालं त्याला आज लिडेल हार्टचंच नाव आहे. जनरल लोकांच्या घरात माळ्यावर पडलेल्या डायऱ्या, पत्रं तिथे यायला लागली. संशोधकाला यापेक्षा मोठं देणं काय असतं!

तिरंदाज

मी स्वतः फौजेत होतो, आता निवृत्त, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो. लष्करी इतिहास कसा वापरावा आणि कसा वापरू नये यावर हॉवर्डनी १९६१ मध्ये लंडनच्या रॉयल युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनमध्ये व्याख्यान दिलं होतं. माझ्या मते प्रत्येक तरुण अधिकाऱ्याने ते वाचलं पाहिजे.

त्यात त्यांचं म्हणणं असं की सैनिकाचा पेशा विचित्र आहे, आयुष्यभर तयारी करायची आणि खरं काम करायची वेळ कदाचित एकदाच येणार, किंवा येणारही नाही. पोहणाऱ्याने जन्मभर कोरड्या जमिनीवर सराव करायचा आणि मग एकदम ऑलिंपिकमध्ये उतरायचं, आणि त्या शर्यतीवर देशाचं नशीब. ही तुलना त्यांचीच आहे. आणि दुसरी अडचण, सैन्य चालवणं हेच इतकं मोठं काम होऊन बसतं की ते कशासाठी चालवतोय हे विसरायला होतं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या इन्स्पेक्शनच्या आधीचे आठवडे आठवले, सगळी पलटण रंगरंगोटीत.

यावर उपाय म्हणून इतिहास वाचा, पण तीन प्रकारे वाचा म्हणतात. रुंद वाचा, म्हणजे शतकानुशतकं युद्ध कसं बदललं ते बघा, नाहीतर एकाच लढाईतून भलताच धडा घ्याल. खोल वाचा, म्हणजे एकच मोहीम घेऊन पत्रं, डायऱ्या, आदेश, अधिकृत अहवाल सगळं चाळा, मग गोंधळ, भीती, नशीब काय असतं ते कळतं, नीटनेटक्या नकाशामागचं. आणि संदर्भासकट वाचा, युद्ध हे समाजासमाजातलं असतं, दोन कॅप्टनांमधली मॅच नव्हे.

त्याच व्याख्यानात पलटणीच्या इतिहासांबद्दलही बोललेत. जवानाचं मनोधैर्य टिकवायला शौर्याच्या गोष्टी लागतात हे ते नाकारत नाहीत, पण ती दंतकथा आहे, इतिहास नव्हे, आणि खऱ्या युद्धात गेल्यावर ती फुटते तेव्हा फार लागतं. स्वतः पलटणीचा इतिहास लिहिलेला माणूस हे बोलतोय म्हणून त्याला वजन आहे.

आणि एक गोष्ट जी माझ्या मनातून जात नाही. आपल्या आठवणींत त्यांनी लिहिलंय की इटलीत एका रात्री गस्तीवर असताना सोबतच्या जवानाचा पाय सुरुंगावर पडला आणि हे त्याला तिथेच सोडून परत आले. हे त्यांनी म्हातारपणी छापील पुस्तकात स्वतः लिहिलं, कोणी विचारलं नव्हतं. मेडल मिळालेल्या माणसाने हे लिहायला काय लागतं ते फौजेतल्या माणसालाच कळेल.

पानगळ

सगळं वाचलं, मनापासून आवडलं, पण थोडं वेगळं मत मांडते.

'युद्ध आणि समाज' या दिशेने विषय गेला त्याचं श्रेय हॉवर्डना द्यायलाच हवं. पण त्यांच्यामागून आलेल्या कित्येकांनी समाज धरला आणि युद्ध सोडून दिलं. भरती कशी झाली, कारखान्यात बायका कशा आल्या, पेन्शन किती मिळालं यावर ढिगाने पुस्तकं, सगळी महत्त्वाचीच, पण खंदकात उभ्या माणसाला त्या क्षणी काय दिसत होतं, तो पळून का गेला नाही, हे कोण विचारणार? ते विचारलं जॉन कीगनने. आणि गंमत नाही, खरोखर विचार करण्यासारखी गोष्ट आहे की कीगन कधीच सैन्यात नव्हता, लहानपणी हाडाचा टीबी झाला आणि त्याने पाय कायमचा अधू झाला. १९६० पासून सँडहर्स्टच्या लष्करी अकॅडमीत पंचवीसेक वर्षं शिकवलं, म्हणजे ज्यांना लढायला जायचंय अशा मुलांसमोर रोज उभं राहायचं आणि आपण लढाई पाहिलेली नाही हे मनात ठेवून शिकवायचं. त्यातूनच १९७६ चं अ‍ॅजिनकोर्ट, वॉटर्लू आणि सॉम या तीन लढायांवरचं पुस्तक आलं. त्यात सेनापतीचा नकाशा बाजूला ठेवलाय, घोडदळ पायदळावर आलं की प्रत्यक्षात काय होतं, घोडा थांबतो का, मेलेल्यांच्या ढिगावरून पुढे कसं जायचं, जखमींचं काय झालं, असले प्रश्न आहेत.

करिअर म्हणूनही हा रस्ता वेगळा. कीगन युनिव्हर्सिटीच्या खुर्च्यांवर चढत गेला नाही, १९८६ मध्ये अकॅडमी सोडून पेपरात संरक्षण विषयाचा प्रतिनिधी झाला, पुढे त्याच विषयाचा संपादक. त्यामुळे लष्करी इतिहासकाराचं करिअर म्हणजे हॉवर्डचीच शिडी असं ऋजुताने समजू नये.

शिलेदार

पानगळ, मान्य. नंतरच्यांबद्दल तर पूर्ण मान्य. स्वतः हॉवर्डबद्दल मात्र नाही, त्यांच्या १८७० च्या पुस्तकात लढाया पानोपानी आहेत. आणि कीगन सँडहर्स्टला अडकला असं काहीजण म्हणतात पण मला वाटतं त्या वर्गाशिवाय ते पुस्तक झालंच नसतं, समोर बसलेल्या मुलांनी न विचारलेला प्रश्न त्याने स्वतःला विचारला.

साधा_वाचक

एका मुद्द्यावर कोणीच बोललं नाही अजून, तो म्हणजे सरकारी इतिहास. हॉवर्डनी सरकारसाठी दोन मोठी कामं केली आणि दोन्हींची गोष्ट डोळे उघडणारी आहे.

पहिलं म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या अधिकृत इतिहासातला 'ग्रँड स्ट्रॅटेजी'चा चौथा खंड, १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला, वुल्फसन पारितोषिकही मिळालं. ऑगस्ट १९४२ ते सप्टेंबर १९४३ चा काळ, कॅसाब्लांका परिषद, सिसिली, इटली, चर्चिल आणि अमेरिकन सेनापतींमधली रस्सीखेच. आता बघा, ब्रिटिशांनी जर्मनांच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश फोडले होते, ज्याला अल्ट्रा म्हणायचे, ते जगापुढे आलं १९७४ मध्ये. म्हणजे १९७२ च्या खंडात युद्धातली एवढी मोठी गोष्ट यायलाच बंदी. कोणता सेनापती शत्रूचे बेत ओळखून होता आणि का, हे न लिहिता निर्णयांचा इतिहास लिहायचा! नंतर सगळ्याच अधिकृत खंडांकडे लोकांना नव्याने बघावं लागलं.

दुसरं त्याहून वाईट. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या अधिकृत इतिहासाचा पाचवा खंड, शत्रूला फसवण्याच्या कामावरचा. जर्मन हेर पकडून उलटे फिरवणं, नॉर्मंडीऐवजी कॅलेजवळ हल्ला होणार असं हिटलरच्या मनात भरवणं, हे सगळं. हॉवर्डनी १९८० च्या सुमाराला लिहून संपवला, आणि पंतप्रधान मार्गारेट थॅचरनी तो छापू दिला नाही. १९७९ मध्ये अँथनी ब्लंट हा ब्रिटिश गुप्तचर खात्यातला माणूस सोव्हिएत हेर होता हे प्रकरण फुटलं होतं, गुप्तहेरांबद्दल आता काहीच बाहेर नको अशी हवा होती. छापला कधी तर १९९० मध्ये. दहा वर्षं तयार पुस्तक कपाटात. आणि याच थॅचर पंतप्रधान असताना यांची रीजियस प्रोफेसर म्हणून नेमणूक झाली, ती नेमणूक तेव्हा पंतप्रधानांच्या शिफारशीनेच व्हायची.

माझा प्रश्न हा की सरकारची कागदपत्रं बघायला मिळावीत म्हणून सरकारसाठी लिहायचं की बाहेर राहून कागद खुले होण्याची वाट बघायची? ब्रिटनमध्ये १९५८ च्या कायद्याने ५० वर्षं वाट बघावी लागायची, १९६७ मध्ये ती ३० वर्षं केली. तोवर इतिहासकार म्हातारा होतो. मला स्वतःला वाटतं की हॉवर्डनी आत जाऊन लिहिलं ते बरोबर केलं, कारण निदान कोणीतरी शिकलेल्या माणसाने ते कागद आधी पाहिले, पण अशा पुस्तकावर पहिल्या पानावर ठळक लिहिलेलं असावं की काय काय वगळायला लावलंय.

तिरंदाज

+१ साधा_वाचक. शेवटच्या वाक्याला तर +१००.

मावळतीकर

छान चर्चा चाललीय. मला मात्र सालेर्नो, इटली हे वाचताना सारखं आपलं काहीतरी आठवत होतं. त्याच इटलीत भारतीय सैन्याच्या चौथ्या, आठव्या आणि दहाव्या डिव्हिजन लढत होत्या. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, वरच्या टायबर खोऱ्यात सगळे साथीदार पडल्यावर एकट्याने मशीनगनच्या मोर्चावर चालून गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर शिपाई नामदेव जाधव, जखमी साथीदारांना नदीपार आणलं आणि मग मोर्चे उद्ध्वस्त केले, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस. त्या युद्धात भारतीय सैन्य २५ लाखांच्या आसपास गेलं होतं. हॉवर्डच्या पिढीने युद्ध आणि समाज जोडला, मान्य, पण तो समाज युरोपचा होता. आपल्या गावांतून गेलेली माणसं, घरी पाठवलेल्या मनीऑर्डरी, सेन्सॉर झालेली पत्रं, हे सगळं बराच काळ तळटीपेतच राहिलं.

पण आता परिस्थिती बदलतेय आणि त्याचा धागा पुन्हा किंग्जलाच जाऊन पोचतो. श्रीनाथ राघवन राजपुताना रायफल्समध्ये अधिकारी होते, फौज सोडून किंग्जच्या वॉर स्टडीज डिपार्टमेंटमध्ये एमए, पीएचडी केली आणि दुसऱ्या महायुद्धातल्या भारतावर २०१६ मध्ये जाडजूड पुस्तक लिहिलं, ज्यात रंगरूट भरती, महागाई, दुष्काळ, कारखाने, राजकारण आणि आघाड्या सगळं एकत्र आहे. म्हणजे पुन्हा फौजेतला अधिकारी, मग इतिहासकार, त्याच डिपार्टमेंटमधून, पण प्रश्न आपले.

शिलेदार

मावळतीकर, हा मुद्दा मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. घाडग्यांचं स्मारक इटलीत मोन्तोनेला उभं राहिलंय २०२३ मध्ये, कोणी त्या बाजूला गेलं तर जरूर बघा.

ऋजुता_के

एवढं सगळं वाचून डोकं भरून आलंय, सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एकच, मला यातच पुढे काम करायचं असेल तर आत्तापासून काय तयारी करू? भाषा कोणती, कागद कुठे?

नाना_बखरकर

बाळ, भाषा आधी. ज्या युद्धावर काम करायचं त्या दोन्ही बाजूंची भाषा यायला हवी, एकाच बाजूचे कागद वाचून लिहिलं की ते वकीलपत्र होतं. मराठ्यांच्या मोहिमांवर करणार असशील तर मोडी आणि फारसी, दोन्ही. मोडी आत्ता सुरू कर, रोजच्या सरावाने हात बसतो.

महायुद्धांवर करायचं तर लंडनला क्यूच्या नॅशनल अर्काइव्हजमध्ये पहिल्या महायुद्धाच्या पलटणींच्या वॉर डायऱ्या डब्ल्यूओ ९५ या मालिकेत आहेत, भारतीय पलटणींच्यासुद्धा, फ्रान्स आणि मेसोपोटेमिया (आजचा इराक) दोन्हीकडच्या. रोजचा मुक्काम, हवामान, किती पडले, कोण आजारी, दारूगोळा किती, असं रुक्ष लिहिलेलं असतं पण वाचायची सवय लागली की त्यातूनच सगळं कळतं. जर्मन बाजूचे कागद जर्मनीत फ्रायबुर्गला, फ्रेंच पॅरिसजवळ व्हॅन्सेनला. एक लक्षात ठेव, प्रशियाच्या सैन्याचं पॉट्सडॅमचं दप्तर एप्रिल १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळालं, त्यामुळे १९१४ च्या आधीच्या जर्मन सैन्यावर काम करणाऱ्यांना बव्हेरियाच्या, सॅक्सनीच्या दप्तरांतून आडवाटेने जावं लागतं. कुठले कागद उरलेच नाहीत हे आधी माहीत असलं की विषय निवडताना घात होत नाही.

आणि विषय लहान घे. एक पलटण, एक वर्ष. रसद कुठून आली एवढंच शोध. डेलब्रुकचा हिशोब तिथे लाव.

ऋजुता_के

नाना, मोडी थोडी येते, आजोबांनी शिकवली होती. फारसीचा वर्ग शोधते. मराठा लाइट इन्फंट्रीची मेसोपोटेमियातली एखादी पलटण घेतली तर त्यांच्या डायऱ्या डब्ल्यूओ ९५ मध्ये ऑनलाइन बघता येतात का?

नाना_बखरकर

कॅटलॉग ऑनलाइन शोधता येतो, तिथे पलटणीचं तेव्हाचं नाव टाकून बघ. मराठा लाइट इन्फंट्री हे नाव तेव्हा सगळ्या पलटणींना नव्हतं. १०३ वी महरट्टा लाइट इन्फंट्री, ११० वी, ११७ वी महरट्टाज अशी नावं होती. या तिन्ही मेसोपोटेमियात तुर्कांनी घातलेल्या कूत शहराच्या वेढ्यात होत्या, एप्रिल १९१६ ला शरणागती झाली तेव्हा जे वाचले ते तुर्कांचे कैदी झाले. तिथूनच सुरुवात कर, आणि पहिली यादी झाली की इथे टाक, सगळे मिळून बघू.